जालिंदरच्या खांद्यावरची झोप

मी पेठेतल्या चेंबरमध्ये कमरेइतका उतरून वॉल्व्हची चावी फिरवत होतो, तेव्हा जालिंदर आला. जालिंदर म्हणजे माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. माणसं भरून नेणाऱ्या वडापच्या जीपमधून उतरून स्टँडपासून चालतच आला होता. चेंबरच्या कडेला उभा राहिला आणि म्हणाला, "दाजी, आधी पाणी बंद करा."

मी म्हटलं, आत्ताच सोडलंय, अजून वरच्या आळीला पोचलं पण नसेल.

"बंद करा, मग सांगतो."

मी वर बघितलं. त्याच्या खांद्यावर माझी मुलगी झोपली होती. टॉवेलनं त्याचं डोकं आणि तिची पाठ दोन्ही झाकलेली होती, आणि तिची एक मूठ टॉवेलच्या आत त्याच्या कानाशी होती. मी चावी उलटी फिरवली. पाणी थांबल्याचा आवाज आला तसा तो म्हणाला, "ताई गेली. सकाळी."

अशा वेळी माणसानं काय बघावं, काय बघू नये, हे कुणी शिकवलेलं नसतं. मी बघितलं ते एवढंच, की भर बाजारात, गाड्यांच्या आवाजात, उन्हात, आशू त्याच्या खांद्यावर गाढ झोपली आहे. माझ्याकडं ती कधी झोपली नव्हती. एकदाही नाही. शालन गेली हे मला कळलं आणि त्याच क्षणाला मला जालिंदरचा हेवा वाटला. दोन्ही गोष्टी एकदमच माझ्यात शिरल्या, आणि पुढं कितीतरी दिवस त्या मला वेगळ्या करता आल्या नाहीत.

शालनच्या पोटात गाठ होती. मिरजेला ऑपरेशन झालं, आणि मला सांगण्यात आलं की गाठ काढली, आता फक्त विश्रांती पाहिजे. म्हणून ती आशूला घेऊन माहेरी पलूसला राहिली. मी नगरपालिकेचा वॉल्व्हमन. गावाला पाणी सोडायचं काम, त्याला सुट्टी अशी नाही, पण सोमवारी टाकी धुवायची म्हणून पाणी बंद असायचं. त्या दिवशी मी जायचो. शालन पडून असायची, हसायची, तब्येत सुधारतेय म्हणायची. आशूला माझ्याकडं द्यायची, आशू रडायला लागली की जालिंदर तिला उचलून आतल्या खोलीत न्यायचा आणि दार लोटून घ्यायचा. थोड्या वेळानं रडणं थांबायचं. मला वाटायचं, मामा आहे, लाड करतोय. तसा रिकामाच असायचा. बेंजो पार्टीत वाजवायचा, लगीनसराई सोडली तर त्याला काम नव्हतं.

गाठ परत झाली होती, आणि यावेळी काही करता येणार नाही, हे डॉक्टरांनी पहिल्या महिन्यातच सांगितलं होतं. सासऱ्यांना माहीत होतं, जालिंदरला माहीत होतं, शालनच्या धाकट्या बहिणीला, उज्ज्वलाला माहीत होतं. मला सांगायचं नाही असं शालननं सगळ्यांना बजावलं होतं. हे मला दिवसकार्य होईपर्यंत तुकड्या-तुकड्यानं कळत गेलं.

तेराव्याच्या दुपारी पलूसला जेवणं झाली, पै-पाहुणे पांगले, आणि माझी आई आणि सासरे आप्पा पुढच्या सोप्यात बसले. आशू आतल्या खोलीत रडत होती. जालिंदर भांडी द्यायला शेजारी गेला होता, म्हणून तिला उज्ज्वला घेऊन फिरत होती, आणि तिच्याकडंही ती राहत नव्हती.

आईनं विषय काढला. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, पोर नीट दिसत नाही, चुलीपाशी गेली तर धरणार कोण, असं ती सांगत राहिली. आप्पा शेवटी म्हणाले, की उज्ज्वला आहे. परक्यापेक्षा मावशी बरी. आणि करायचं तर वर्षाच्या आत करायला पाहिजे, एकदा वर्ष उलटलं की तीन वर्षं थांबावं लागतं, आणि तोवर पोरीचे हाल.

उज्ज्वला दारातच होती. आशूला कडेवर घेऊन. तिनं ऐकलं. आशूला माझ्या आईच्या मांडीत ठेवलं आणि मागच्या परड्यात निघून गेली. ती मिरजेला नर्सिंगला होती, दुसरं वर्ष चालू होतं. माझ्या लग्नात जेवणाच्या पंगती लांबल्या तेव्हा ही फ्रॉक घातलेली पोर माझ्याच मांडीवर झोपून गेली होती. मी नको म्हटलं. पण आईच्या मांडीत आशू एवढी किंचाळत होती की माझं नको कुणाला ऐकूच गेलं नाही, आणि ज्यांना ऐकू गेलं त्यांनी ते दुःखातलं बोलणं समजून सोडून दिलं.

तेवढ्यात जालिंदर आला. आईच्या मांडीतून त्यानं आशूला उचललं, खांद्यावर घेतलं, डोक्यावरून टॉवेल ओढला. आशू हुंदके देत गप्प झाली. त्यानं उभ्या-उभ्याच विचारलं काय चाललंय, आणि आप्पांनी सांगितलं.

"आप्पा," तो म्हणाला, "पोरीला आई पायजे का झोप पायजे?"

आप्पांना कळलं नाही.

"न्हाई, म्हणजे, ही रडती म्हणूनच चाललंय न्हवं हे? दाजींच्या हातावर झोपाय लागली तर मग?"

शालन गेल्यापासून आई पहिल्यांदा हसली. बाप्या माणसाच्या हातावर कधी पोर झोपलंय का, म्हणाली. जालिंदर म्हणाला, माझ्या हातावर झोपतेच की.

"तू काय बाप्या हाईस व्हय? तू बेंजो वाजवतोस."

आप्पासुद्धा गालात हसले. मला मात्र हसू आलं नाही. मला त्याच्या खांद्यावरची ती मूठ दिसत होती.

मग ठरलं असं, की जालिंदर माझ्या घरी येऊन राहील आणि मला शिकवील. अक्षय तृतीयेपर्यंत पोरगी माझ्या हातावर झोपायला लागली तर आप्पा पुन्हा हा विषय काढणार नाहीत. नाही झोपली तर अक्षय तृतीयेला मुहूर्त बघायची गरज नसते, त्याच दिवशी चार माणसांत हार घालून मोकळं व्हायचं. उज्ज्वलाला कुणी विचारलं नाही. पण आम्ही निघालो तेव्हा ती आशूचे कपडे पिशवीत भरायला आली, आणि घड्या घालता-घालता खालच्या आवाजात एवढंच म्हणाली, "दाजी, माझी वार्षिक परीक्षा जूनमधी हाय."

जालिंदरची शिकवणी दुसऱ्या दिवसापासून सुरू झाली.

सकाळी तेल लावून अंघोळ. मग शेगडीत ओवा आणि लसणाच्या साली टाकून धुरी. मग मऊ भात, वर चमचाभर पाणी. मग खिडकीची एकच फळी लावायची, दोन्ही नाही. मग जुन्या धोतराची झोळी, पण झोळीत लगेच टाकायचं नाही. आधी खांद्यावर. आधी पाय चोळायचे, मग पाठ थोपटायची, मग कपाळावरून हात. थोपटताना हात मनगटातून, खांद्यातून नाही. गाणं म्हणायचं नाही, नुसतं घशातल्या घशात हुं हुं. डोळे जड झाले की झोळी. संध्याकाळी पुन्हा तेच, फक्त अंघोळीच्या जागी हातपाय पुसणं. क्रम बदलायचा नाही. एकदा मी धुरीच्या आधी भात भरवला तर जालिंदरनं वाटी काढून घेतली.

"दाजी, तिला आता काय होणार ते आधी म्हाईत पायजे. आपल्याला कसं, तुमी चेंबरचं झाकण उचललं की बायका घागरी काढत्यात. तसंच."

बरोबर होतं त्याचं. त्याचं बरोबर असणंच मला सहन होत नव्हतं. बिनकामाचा, माझ्यापेक्षा वयानं लहान, लग्नात मांडव हलेपर्यंत वाजवणारा हा माणूस, आणि माझ्या घरात, माझ्या पोरीच्या बाबतीत, मला शिकवतोय. मी पाय चोळायचो, पाठ थोपटायचो, हुं हुं करायचो. आशू आधी माझ्या खांद्याकडं बघायची, मग हात वर करायची, माझ्या कानाशी चाचपडायची आणि एकदम रडायला लागायची. तिला काहीतरी पाहिजे असायचं आणि ते माझ्याकडं नसायचं. मग जालिंदर तिला घ्यायचा. टॉवेल डोक्यावरून ओढायचा, पाठ करून कोपऱ्यात जायचा, आणि आशू पेंगायला लागायची.

मला वाटलं, टॉवेलच आहे सगळं. त्याच रंगाचा टॉवेल मी बाजारातून आणला आणि डोक्यावरून, कानांवरून गुंडाळला. आशू माझ्याकडं बघून आधी घाबरली, मग रडली. आई म्हणाली, असा दिसतोयस जसा कुणाच्या लग्नाला न बोलवता गेलेला वाढपी. जालिंदर भिंतीला टेकून हसायला लागला आणि त्याला हसताना बघून आशूही हसली. माझ्या डोक्यावर टॉवेल आणि हसणारी माझीच पोर त्याच्याकडं झेपावते आहे. मी टॉवेल काढून खुंटीला टाकला आणि पाणी सोडायला गेलो.

संध्याकाळच्या पाण्याचा आणि आशूच्या झोपेचा वेळ एकच होता. आधी मी खटपट करायचो, मग जालिंदर तिला झोपवायचा, मग मी धावत सुटायचो. पेठेला पाणी उशिरा यायला लागलं. आमच्या गल्लीतली इंदूवहिनी तोंडाची फटकळ, ती नळाशी घागर आपटून म्हणायची, की आता आशूच्या झोपेवर गाव जेवणार. दोन-तीन दिवसांत सगळ्या बायकांना अंदाज आला. नळाला पाणी आलं की म्हणायच्या, झोपली वाटतं. नाही आलं की घागरी ओट्यावर ठेवून आमच्या दारात गप्पा मारत बसायच्या आणि मला उपाय सांगायच्या. सगळ्यांच्या उपायांच्या शेवटी एकच असायचं. जालिंदरभावजींना विचारा की, त्यांच्या हाताला गुण आहे.

आईसुद्धा बदलली. तिला जालिंदर बेंजोवाला म्हणून आवडायचा नाही, पण आता त्याच्या ताटात भाकरी आधी पडायला लागली. आशूला दात येत होते, पहिला शब्द यायच्या बेतात होता, आणि ती मा, मा म्हणायची ते त्याच्याकडं बघून. तो म्हणायचा, मामाला म्हणतेय. मला वाटायचं, शालनला म्हणत असेल. दोन्हीपैकी काहीही असलं तरी ते मला नव्हतं.

रात्री तो ओसरीत आडवा झाला की पटकन घोरायचा. मी जागा राहून शालनचा विचार करायचो असं कुणाला वाटेल. मी जास्त विचार त्या सोमवारांचा करायचो. मी आठवड्यातून एकदा तिथं जायचो, आणि बाकीचे सगळे दिवस तिनं याला दिले. काय बोलत असतील दोघं. तिला दुखत असेल तेव्हा ती याला सांगत असेल. माझ्यासमोर तिनं कधी हाय केलं नाही, मला त्याचं कौतुक वाटायचं, आणि तिथं आतल्या खोलीत, दार लोटून, ती त्याच्यासमोर रडत असेल. माझी बायको होती. रडायला मी होतो की.

अक्षय तृतीया चार दिवसांवर आली. आशू अजून माझ्याकडं झोपत नव्हती. एक-दोनदा पेंगली, पण कान चाचपडून पुन्हा जागी झाली. त्याच सुमाराला आईनं शालनचे दागिने पेटीतून काढले. उज्ज्वलाच्या अंगावर काय घालायचं ते बघत होती, तसं बोलली नाही, पण मला कळलं. मंगळसूत्र होतं, पाटल्या होत्या, आप्पांनी लग्नात घातलेल्या मोत्याच्या कुड्या होत्या. कुडी एकच होती. आईनं डबी उलटी केली, कापूस चिमटीनं पिंजला, पुन्हा बघितलं.

ती काही बोलायच्या आधी आम्ही दोघांनीही ओसरीकडं बघितलं. जालिंदर तिथं तंबाखू मळत होता.

मी आईला म्हटलं गप्प राहा. पण माझ्या मनाला बरं वाटलं, हे खरं आहे. इतके दिवस त्याच्याविरुद्ध बोलायला माझ्याकडं काही नव्हतं. आता होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आशूला झोपवायला कोपऱ्यात गेला. मी पाणी सोडायला जातो म्हणून बाहेर पडलो आणि परसातून मागच्या दारानं आत आलो. आशूचे डोळे मिटले होते. तिचा हात टॉवेलच्या आत होता. मी पुढं झालो आणि टॉवेल ओढला.

जालिंदरच्या उजव्या कानात शालनची कुडी होती. बेंजो पार्टीतली पोरं कानात बाळी घालतात, त्याच भोकात त्यानं ती अडकवली होती. आशूची बोटं मोत्यांवरून हळूहळू फिरत होती. झोपेतसुद्धा फिरत होती.

"काढ ती," मी म्हणालो.

त्यानं ओठांवर बोट ठेवलं. आशूला झोळीत घातलं, झोळीला दोन झोके दिले आणि मला हाताला धरून परसात नेलं. तिथं लिंबाखाली त्यानं कुडी कानातून काढली, मागची फिरकी पुन्हा लावली आणि माझ्या तळहातावर ठेवली.

"चोरली न्हाई," तो म्हणाला. "तुमी तसं समजला असाल तर समजा, पण चोरली न्हाई. ताईनं दिली."

मी विचारलं, तुला का. माझा आवाज चढला असावा, कारण इंदूवहिनी भिंतीपलीकडून डोकावली आणि परत गेली.

मग त्यानं सांगितलं. आशू शालनच्या कानाची कुडी चाळवत झोपायची, अंगावर पीत होती तेव्हापासून. डॉक्टरांनी सांगितल्यावर शालननं पहिली गोष्ट ही केली, की आशूला झोपवायचं बंद केलं. स्वतःची एक कुडी काढून भावाच्या कानात घातली आणि पोर त्याच्या खांद्यावर दिली. आशू पहिले चार दिवस रडून-रडून निळी पडली. शालन पलीकडच्या खोलीत कॉटवर असायची आणि दार उघडू नको म्हणायची. हळूहळू पोर त्याच्याकडं झोपायला लागली. मग शालननं त्याला क्रम लावून दिला. तेल, धुरी, भात, खिडकीची एक फळी. सगळं तिचंच होतं.

"तिला ठाव होतं," तो म्हणाला, "तिच्या मागं घरात काय बोलणं निघंल ते. उज्ज्वलाचं शिक्षण मोडू नगा म्हणली. पोर बापाच्या हातावर झोपली तर कुणाला काय बोलता येणार न्हाई म्हणली."

"मग मला शिकवायचं. मी होतो की."

"तुमाला शिकवलं असतं तर का शिकवती ते सांगाय लागलं असतं."

मी म्हटलं, मग गेल्यावर तरी. इतके दिवस तू माझ्या घरात आहेस. पहिल्या दिवशीच कुडी हातात दिली असतीस तर.

जालिंदरनं पायानं लिंबाचा पाला बाजूला केला.

"तिनंच न्हाई म्हणून सांगितलेलं. म्हणली, दाजींना आधी कुडी दिलीस तर ते ती घेऊन बसतील, पोरीकडं बघणार न्हाईत. आधी थोपटाय शिकव. कुडी सगळ्यात शेवटी."

कुडी माझ्या हातात होती आणि मी तिच्याकडंच बघत होतो. किती वेळ ते मला सांगता यायचं नाही. आत आशूनं झोळीत कूस बदलली, दोरी करकरली, तेव्हा भानावर आलो.

त्याच दिवशी मी पेठेतल्या सोनाराकडं गेलो. माझे कान लहानपणी टोचले होते, सगळ्यांचे टोचतात तसे, पण भोकं बुजली होती. सोनार म्हणाला, पंधरा दिवस तार राहू द्या, जखम भरली की कुडी घाला. मी म्हटलं, एवढा वेळ नाही. त्यानं माझ्याकडं बघितलं, माझ्या हातातल्या बायकी कुडीकडं बघितलं, आणि काही न विचारता सुई तापवली. कुडीचा दांडा जाड. कान संध्याकाळपर्यंत वांग्यासारखा सुजला.

जालिंदरनं सुजलेला कान बघितला आणि म्हणाला, दाजी, आता बेंजो पार्टीत घेतो तुम्हाला. पण नंतर त्यानं स्वतःचं अंथरूण गुंडाळलं. दोन दिवस मी इथं राहतच नाही, म्हणाला. मी असलो की ती माझ्याकडं बघते. तो पलूसला गेला आणि घर एकदम मोठं झालं. त्या दोन दिवसांत आशू फार रडली. झोपायची ती दमून, झोळीत, माझ्या हातावर नाही. पाय चोळले, पाठ थोपटली, तर ती मोत्यांना हात लावायची, माझ्याकडं बघायची, आणि कुडी तीच पण माणूस दुसरा हे तिच्या लक्षात यायचं. मलाही यायचं.

अक्षय तृतीयेच्या आदल्या संध्याकाळी आप्पा आले. बरोबर जालिंदर होता आणि पिशवीत हाराच्या फुलांची पुडी होती. उज्ज्वला सकाळी येणार होती. आईनं चहा ठेवला. आप्पा ओसरीत बसले, आणि पाणी यायची वेळ झाली होती म्हणून गल्लीतल्या बायका घागरी घेऊन नळाशी आल्या. त्यांनाही माहीत होतं आज काय आहे ते. 

मी आशूचे हातपाय पुसले. धुरी दिली. भात भरवला. खिडकीची एक फळी लावली. जालिंदर दारात उभा राहिला होता, मी त्याला हातानं खूण केली तसा तो ओसरीत जाऊन बसला.

आशूला खांद्यावर घेतलं. टॉवेल नाही, काही नाही. ती रडली. मी पाय चोळले. ती जास्तच रडली. पाठ थोपटायला लागलो, मनगटातून. घशातल्या घशात हुं हुं. बाहेर कुणाच्या तरी घागरीचा आवाज झाला आणि इंदूवहिनीनं तिला दटावलं. आशूचा हात वर आला. कानाशी आला. मोती सापडले आणि तिनं ते मुठीत पकडून ओढले.

कान ताजा होता. डोळ्यांसमोर अंधारी आली. मी हललो नाही. हललो असतो तर ती पुन्हा जागी झाली असती, आणि मग उद्या. तिनं पुन्हा ओढलं. मानेवरून काहीतरी गरम खाली उतरत होतं. मी थोपटत राहिलो. मी कुडीकडं बघू शकत नव्हतो, ती माझ्याच कानात होती. मला दिसत होता तो फक्त आशूचा गाल आणि त्याच्यावरची भाताची दोन शितं. शितं मी बोटानं काढली. तिच्या डोळ्यांच्या पापण्या शालनसारख्या नाहीत, माझ्यासारख्या आहेत, आखूड, हे मला तोवर माहीत नव्हतं.

ओढणं थांबलं. मग बोटं फिरायला लागली. मग फिरणंही मंद झालं. तिचं डोकं माझ्या मानेत जड झालं. मी झोळीत घातली नाही. झोळी पुढची गोष्ट होती. तसाच दार उघडून ओसरीत आलो.

आईनं आधी माझ्या सदऱ्यावरचं रक्त बघितलं, मग कान. "काढ ती," ती कुजबुजली, "बायका बघतायत."

आप्पा उठून जवळ आले. त्यांनी आशूच्या नाकाशी हात धरून श्वास बघितला, जसा लहान पोराचा बघतात. मग माझ्या कानातली कुडी बघितली. ती त्यांनीच घडवून घेतली होती. त्यांचा हात कुडीपर्यंत गेला आणि न लावताच मागं आला.

"असू दे," ते आईला म्हणाले. मग मला म्हणाले, "हिंदुराव, पाणी सोडा जावा. बाया कवापासनं उभ्या हाईत."

मी आशूला घेऊनच चेंबरपर्यंत गेलो. एका हातानं चावी फिरत नव्हती, तर जालिंदर खाली उतरला आणि त्यानं फिरवली. मी वरून त्याला सांगत होतो, किती आटे, कुठल्या बाजूला. पेठेत नळ वाजायला लागले. आशू उठली नाही.

उज्ज्वला दुसऱ्या दिवशी आलीच नाही. तिनं जूनमध्ये परीक्षा दिली. पुढं तिचं लग्न झालं, तेव्हा जालिंदरनं मांडव हलेपर्यंत वाजवलं. आशू आता कॉलेजात आहे, उशी मिळेल तिथं झोपते. माझ्या कानाचं भोक पुन्हा बुजलं.

जालिंदर वर्षातून दोन-तीनदा येतो. ओसरीत बसतो, तंबाखू मळतो. केस पिकलेत. मला तो आवडतो, आणि तो समोर बसला की ते पलूसचे दिवस अजून माझ्या छातीत जागे होतात. एकदा बोलता-बोलता तो म्हणाला, "दाजी, ताई तवा एकदा मला म्हणाली—" आणि मी पाण्याची वेळ झाली म्हणून उठलो. तेव्हा वेळ झाली नव्हती. ते त्याला माहीत होतं, त्यानं मला जाऊ दिलं.

त्या महिन्यांत शालन त्याला आणखी काय काय म्हणाली, ते मी अजून विचारलेलं नाही.